सलायना, हँगर नंबर सहा

विमान माझ्या ताब्यात आलं तेव्हा रिकामं होतं.
एफबीआयची माणसं तीन दिवस आत होती,
न्यायचं ते पिशव्यांत भरून घेऊन गेली.
मला म्हणाले, रमाकांत, गालिचा काढ, सीटा बघ.
बघितल्या.

मिरजेत ट्रकच्या सीटा शिवायचो मी.
माणूस किती वेळ बसला, कोणत्या कुशीवर कलला,
फोमला सगळं आठवतं,
हे तिथलं शिक्षण, कॅन्ससमध्येही चालतं.

जीव मुठीत धरून बसले, असं आपण सहज म्हणतो.
इथे मुठी दिसत होत्या.
अठ्ठावीस रांगा,
हात टेकायच्या पट्ट्यांवर नखांच्या कोरी,
बावीस-एफवर अगदी बारक्या,
आणि त्यांच्यावर, त्यांना झाकून, एका मोठ्या हाताच्या.

काय झालं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे,
धान्याच्या कोठारावरच्या पोरापासून न्हाव्यापर्यंत
प्रत्येकाचं थोडं वेगळं.
एवढं नक्की, की दार कॉफीसाठी उघडलं होतं.
चार सेकंद.
चौदा-सी मधला माणूस त्या चार सेकंदांत आत शिरला.
त्याच्या हातात गालिचा कापायची सुरी होती,
माझ्या पेटीत आहे तसलीच, पिवळ्या मुठीची.
ती विमानात कशी आली, कोणी सांगत नाही.
तेव्हापासून माझी सुरी मी काम झालं की मोजून ठेवतो.
एकच आहे, तरी मोजतो.

वेंडेल नावाच्या सहवैमानिकानं पातं तळहातात धरलं.
धरूनच ठेवलं.
मारिबेलच्या हातात कॉफीची किटली होती,
आधी कॉफी गेली, मग किटली.
(किटली पिशवीतून गेली. छताला डाग राहिलेत,
रक्ताचे कुठले, कॉफीचे कुठले,
साबण दोघांना सारखाच लावावा लागतो.)
आणि कॅप्टन लॉर्ना प्रुएट, एकोणसाठ वर्षांची,
तिनं विमान असं कुशीवर टाकलं
की तो माणूस जाऊन भिंतीला लागला.
मागे दोघा गुराख्यांनी आणि एका दंतवैद्यानं
त्याला सीटच्या जोडपट्ट्यांनी बांधला.
तो रडत होता म्हणे.
कोणी सांगतं, शिव्या देत होता.

टाक्या भरलेल्या, वजन जास्त, वेळ नाही.
खाली आमची धावपट्टी, जुन्या हवाई तळाची,
गावाला उगाच लांब वाटायची ती.
मी अंगणात गवत कापत होतो.
इतकं खाली मी विमान कधी पाहिलं नव्हतं,
यंत्र बंद करायचंसुद्धा सुचलं नाही,
गुलाबाचं एक झाड कापलं गेलं.
चार टायर फुटले, ते दोन मैलांवर ऐकू आले.
मग काहीच ऐकू आलं नाही.
मग सायरन.

चौदा-सी काढताना रुळाच्या खाचेत एक डबी मिळाली,
गोळ्यांची, आठवड्याचे सात खण.
रक्तदाबाच्या असाव्यात, माझ्याही तशाच असतात.
शुक्रवार, शनिवार भरलेले.
गुरुवारचा रिकामा.
म्हणजे त्या सकाळी उठून
त्यानं पाणी घेतलं असेल, मान मागे टाकली असेल.
मी फोन केला. माणूस आला, सही घेतली, डबी नेली.
मी त्या दिवशी जेवणानंतरची गोळी घ्यायला विसरलो.

शेवटच्या दिवशी ती आली.
साध्या कपड्यांत, गळ्यात ओळखपत्र, दंडाला पट्टी.
विचारलं नाही, सरळ पुढे गेली,
आपल्या जागेवर बसली.
कोणीतरी सीट मागे सरकवली होती,
ती तिनं एक खाच पुढे घेतली.
बराच वेळ समोरच्या काचेतून बघत राहिली,
समोर हँगरचं बंद दार होतं.

मग मागे न वळता म्हणाली,
"उतरताना जरा आपटलंच, नाही?"

मी गुडघ्यावर होतो, तोंडात दोन स्क्रू.
ते काढले.
म्हटलं, बाई, एकशे अडुसष्ट सीटा तपासल्या,
एकाही सीटचा बोल्ट जागचा हललेला नाही.

ती म्हणाली, "तरीपण."